दुसऱ्यानं उघडलेला चाकू

व्हर्लिन टिप्टन अंधश्रद्धाळू नव्हता. उभी हयात पाणीखात्यात मीटरच्या आकड्यांवर काढलेला माणूस तो. मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट द्यायचा आणि आपल्या वाटेनं पुढे जायचा. पण दुसऱ्यानं उघडलेला चाकू आपण मिटायचा नाही, ही काही अंधश्रद्धा नव्हे. ती रीत आहे. ज्यानं उघडला त्यानंच मिटायचा; उघडा हातात दिला तर उघडाच परत करायचा. लॉरेल फोर्कच्या डोंगरात पोरांना अक्षरओळख व्हायच्या आधी एवढं कळतं. का, असं कुणी विचारत नाही. एका शाळामास्तरानं एकदा विचारलं होतं. तो पुढे ओहायोला गेला आणि तिथं त्याचं टक्कल पडलं. आणखी पुरावा कुणी मागितला नाही.

व्हर्लिन लॉरेल फोर्क चाकू मंडळाचा सभासद होता. सभासद चाळीस. दरवर्षी उत्तरेकडचा एक जुना कारखाना या मंडळासाठी खिशातले घडीचे चाकू करतो, तेही चाळीसच. पात्यावर नंबर कोरतो, आणि तो नमुना पुन्हा कधी करत नाही. कोरीव हाडाची मूठ, मुठीच्या टोकाला पितळी टोपी, नखानं ओढायला पात्यावर एक खाच. हे चाकू पुठ्ठ्याच्या नळीतून येतात. सभासद ते नळीतून काढतात, उजेडाकडे धरतात, उसासा टाकतात आणि परत नळीत घालतात. व्हर्लिनकडे असे सव्वीस चाकू होते, सगळे अकरा नंबरचे. मोज्यांच्या खणात, मेणकागदात गुंडाळलेले. त्यातला एकही कधी उघडलेला नव्हता. उघडलेल्या चाकूची किंमत निम्म्यावर येते असं जाणकार सांगतात. वापरलेल्याची कितीवर येते हे सांगायला जाणकार थांबत नाहीत.

यंदा व्हर्लिन पोलाद समितीचा अध्यक्ष होता. पातं कुठल्या पोलादाचं, हे ठरवणारी ही समिती. तिनं आजवर दोन मैत्र्या आणि एक साखरपुडा मोडलेला आहे. कार्बनच्या पोलादाला धार लागते ती दाढी करण्याजोगी, पण नुसतं त्याच्यापुढे शिंकलात तरी ते गंजतं. स्टेनलेस गंजत नाही, पण त्याला धार लावता लावता माणसाचा हात गंजतो.

"कार्बनच्या पात्याला माणूस लागतो," व्हर्लिननं सभेत ठासून सांगितलं.

"माझ्या घरी बायको आहे, कुत्रा आहे, दोन म्हशीएवढ्या गाई आहेत," त्याचा शेजारी होबर्ट मेपल्स म्हणाला. तो स्टेनलेसवाल्यांचा पुढारी. "सगळ्यांना माणूस लागतो. चाकूला तरी लागू नये."

"उघडणारच नाही तर पातं लाकडाचं केलं तरी कुणाला कळणार आहे?" व्हर्लिनची बायको ओपल त्या रात्री जेवताना म्हणाली.

"तुला त्यातलं कळत नाही," व्हर्लिन म्हणाला, आणि विषय संपला.

एका मतानं कार्बन निवडून आलं. ते एक मत कुणाचं, हे मतपेटी गुप्त असल्यामुळे सगळ्यांना माहीत होतं.

ऑगस्टमध्ये कारखान्याकडून मंजुरीसाठी नमुन्याचा एक चाकू आला. सोबत पत्र: तपासा, सही करा, येत्या शुक्रवारी दुपारी बाराच्या आत नमुना परत टपालात टाका. न टाकल्यास मंडळाची पाळी जाईल, पुढची पाळी तीन वर्षांनी.

तीन वर्षं हा आकडा व्हर्लिनला झोंबला तो रॅन्समकाकांमुळे. रॅन्समकाका एकोणनव्वद वर्षांचे. मंडळ काढलं त्यांनीच. पहिल्या वर्षापासूनचा प्रत्येक चाकू, एक नंबरचा, त्यांच्याकडे. एकही वर्ष सुटलेलं नाही. त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं, "व्हर्लिन, माझ्याशी तीन वर्षांच्या गोष्टी बोलू नकोस बाबा. मी यंदा कॅलेंडर घेताना दुकानदाराला विचारलं, सहा महिन्यांचं मिळतं का. यंदाचा चाकू तेवढा हातात पडू दे."

"पडेल काका. माझा शब्द."

आता शब्द दिला म्हणजे माणूस अडकला.

त्याच रविवारी प्रार्थनेनंतर ब्रदर आर्विल टिप्टनांकडे जेवायला आले. ब्रदर आर्विल आठवडाभर सुतारकाम करत आणि रविवारी फुकट देवाचं काम. ते प्रवचनाला उभे राहिले की आधी अर्धा तास आपण बोलायला किती अपात्र आहोत ते सांगत. मग बोलता बोलता शब्दाला सूर चिकटे, ओळीच्या शेवटी श्वास हुंदक्यासारखा येई, आणि पुढचा तासभर ते बोलतच नसत, गात असत. वाद्य नाही, कागद नाही, काही नाही. बाकांवरचे लोक उठून एकमेकांचे हात हातात घेत. वर्षभर कुंपणावरून भांडलेले शेजारी गळ्यात पडत. गाऊन सांगितलेला देव ज्यानं एकदा ऐकला, त्याला वाचून दाखवलेला देव मग पचत नाही. व्हर्लिन तर ब्रदर आर्विलांचा सूर लागायच्या आधीच रुमाल काढून ठेवत असे.

जेवताना त्यानं मोठ्या अभिमानानं नमुन्याचा चाकू, मिटलेला, त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. रॅन्समकाका होते, नमुना कसा आहे ते सविस्तर हवं होतं. व्हर्लिन फोन घेऊन ओसरीवर गेला. सविस्तर सांगून परत आला तर स्वयंपाकघर रिकामं. कुणीतरी निरोप घेऊन आलं होतं की तालुक्याच्या इस्पितळात चर्चच्या मंडळीतली एक म्हातारी अत्यवस्थ आहे. ब्रदर आर्विल तसेच उठले होते, आणि ओपल बांधून दिलेलं जेवण घेऊन त्यांच्या गाडीमागे धावत होती. टेबलावर अर्धा चिरलेला टोमॅटो होता. शेजारी नमुन्याचा चाकू होता.

उघडा.

व्हर्लिन खुर्चीत बसला. पात्यावर टोमॅटोचं पाणी होतं. ते त्यानं पुसलं, तोवर खाली करडा डाग धरला होता. शुक्रवारपर्यंत चाकू मिटून पाठवायचा; आणि मिटू शकणारा जगातला एकमेव माणूस मोबाईलशिवाय डोंगर उतरत होता. ब्रदर आर्विल मोबाईल ठेवत नसत. देवाला बोलवायचं असेल तर तो आपल्या पद्धतीनं बोलावतो, असं त्यांचं म्हणणं.

ओपल परत आली. "अरे, तो चाकू..."

"तू त्यात पडू नकोस," व्हर्लिन म्हणाला. "हे मंडळाचं काम आहे."

ओपलनं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि ती भांडी घासायला गेली.

होबर्टला सांगायचं नाही असं व्हर्लिननं ठरवलं होतं, म्हणून होबर्टला दहा मिनिटांत कळलं. त्यानं टेबलाभोवती एक फेरी मारली.

"वाऱ्यानं मिटला तर चालेल?"

"वाऱ्यानं स्प्रिंग दबत नाही."

"कुत्र्यानं?"

"होबर्ट!"

"मग निदान टोक बटाट्यात खुपसून ठेव. कुणाच्या हातात घुसला तर आणखी अपशकुन."

सल्ला शहाणपणाचा वाटला. ओपलच्या केकच्या डब्यात, घुमटासारखं झाकण असलेल्या, व्हर्लिननं बटाटा ठेवला आणि बटाट्यात चाकू रोवला. सकाळी उपसला तेव्हा पात्यावर बटाट्याच्या उंचीएवढा काळा पट्टा होता, नदीला पूर येऊन गेल्यावर भिंतीवर राहतो तसा. होबर्ट काही बोलला नाही. स्टेनलेसवाल्यांना अशा वेळी बोलावं लागत नाही.

सोमवारी व्हर्लिननं ठरवलं की उघडा तर उघडा, पाठवून द्यावा. निदान तारीख गाठली जाईल. डबा घेऊन तो टपालकचेरीत गेला. खिडकीवर ग्लेनिसबाई होत्या.

"पार्सलमध्ये फुटणारं, सांडणारं, नासणारं, धोक्याचं काही?" त्यांनी न बघता विचारलं. हे त्या ख्रिसमसच्या शुभेच्छापत्रालाही विचारतात.

व्हर्लिन देवळाचा कारभारी होता, खोटं बोलणं शक्य नव्हतं. "एक उघडा चाकू." त्यानं झाकण उचलून दाखवला.

"मिटा की मग."

"मी नाही उघडलेला."

ग्लेनिसबाईंनी पेन खाली ठेवलं. डब्यापासून पाऊलभर मागे सरल्या. "मग माझ्याकडे काय बघताय? मीही नाही उघडलेला."

"म्हणून उघडाच पाठवतोय."

"उघडं पातं टपालात घ्यायचं नाही, असा नियम आहे. आणि मिटायचं नाही, अशी रीत. मी दोन्ही मोडणार नाही, व्हर्लिन. पेन्शनला अकरा महिने राहिलेत माझ्या." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तेल लावून ठेवा. डाग पडलाय."

मंगळवारी होबर्ट गाडी घेऊन आला. एका हातानं डबा आडवा धरून दुसऱ्यानं डोंगरात गाडी चालवणं व्हर्लिनला जमेना. आणि होबर्टला, त्याच्याच शब्दांत, "पोलादाच्या अभ्यासाची आवड" होती. इस्पितळाच्या दारावर पहारेकरी होता, मांडीवर अर्धं सँडविच.

"काय आहे डब्यात?"

व्हर्लिननं झाकण उचललं. पहारेकऱ्याचा हात कमरेकडे गेला.

"मिटा आधी! मिटा आणि इथं जमा करा."

"मिटता येत नाही. दुसऱ्यानं उघडलाय."

पहारेकऱ्याचा हात कमरेवरून हळूच खाली आला. त्यानं टोपी काढली. "कोण होता? गेला का?"

"गेला नाही हो. आत आहे, म्हातारीला भेटायला. ब्रदर आर्विल."

"ते गाणारे? ते सकाळीच गेले. म्हातारी उठून बसली. यांनी तिच्या उशाशी दोन ओळी म्हटल्या, तर पलीकडच्या खोलीतली माणसंही उठून बसली. आता पाइन क्रीकला गेलेत, चार दिवसांच्या सभेला." त्यानं पुन्हा डब्यात पाहिलं. "कार्बन ना? पट्टा फार वाईट दिसतोय. मोहरीची चटणी लावा. सगळीकडे सारखा रंग येतो, पट्टा कळत नाही." आणि त्यानं सँडविचमधली मोहरी बोटानं काढून स्वतः लावून दिली. परक्या माणसाचा एवढा जिव्हाळा नाकारणं व्हर्लिनला जमलं नाही.

संध्याकाळी मोहरी पुसली. पट्टा होता तिथेच होता. त्याच्या वरच्या भागावर आता वाघासारखे पट्टे आले होते.

बुधवारी पाइन क्रीकचा रस्ता पुलाच्या कामासाठी बंद होता. फलकावर लिहिलं होतं की रस्ता बुधवारी खुला. फलकाखाली लाल निशाण घेऊन बसलेला माणूस म्हणाला की फलक मागच्या बुधवारचा आहे. ओपलनं त्या रात्री विचारलं, "माझा केकचा डबा कुठाय?"

"कामात आहे."

"चाकूच्याच ना? अरे, ऐक तरी, त्या दिवशी..."

"ओपल, माझं डोकं आधीच ठिकाणावर नाही."

गुरुवारी पूल मोकळा झाला. पाइन क्रीकचं देऊळ म्हणजे एक पांढरी खोली आणि बाहेर झाडाखाली जेवणाची लांब टेबलं. व्हर्लिन आणि होबर्ट पोचले तेव्हा ब्रदर आर्विल आपल्या अपात्रतेच्या शेवटाला आले होते. मध्ये बोलणं शक्य नव्हतं. व्हर्लिन मांडीवर डबा घेऊन मागच्या बाकावर बसला. एक प्रेमळ बाई वाकून कुजबुजली, "केक आणलात? द्या, टेबलावर ठेवते." आणि तो तोंड उघडेपर्यंत डबा गेलासुद्धा.

तो उठणार, तेवढ्यात सूर लागला.

बायबलातल्या, घर सोडून गेलेल्या उधळ्या पोराची कथा होती. पोरगा डुकरांच्या कोंड्याशी बसला होता आणि बाप रोज वाटेच्या तोंडाशी येऊन उभा राहत होता. तो रोजचा 'उभा राहिला' ब्रदर आर्विलांनी असा लांबवला, असा खाली उतरवला, की व्हर्लिनला स्वतःचा बाप दाराशी दिसला. त्याला ना कारखाना आठवला, ना शुक्रवार. होबर्ट त्याच्या शेजारी नाक ओढत होता. मग होबर्टनं त्याचा हात धरला आणि म्हणाला, "कार्बनला मी वाईट बोललो त्याबद्दल माफ कर." व्हर्लिन म्हणाला, "स्टेनलेसमध्येही देवाचंच लोखंड आहे रे." दोघंही तेव्हा मनापासून बोलत होते. पुढे दोघांनीही ते नाकारलं.

प्रवचन संपलं, मग व्हर्लिनला डबा आठवला. तो धावत बाहेर गेला. प्रेमळ बाईच्या हातात झाकण होतं आणि भोवती दहा-बारा जण ताटल्या घेऊन उभे होते.

"बिचारा," ती म्हणत होती. "चाकू तेवढा आणला आणि केक विसरला."

व्हर्लिननं डबा उचलला आणि तो ब्रदर आर्विलांपुढे नेऊन धरला. घामानं भिजलेले, घसा बसलेले, ते लिंबाचं सरबत पीत होते.

"ब्रदर आर्विल, हा मिटा. तुम्ही उघडलेला. उद्या बाराच्या आत टपालात टाकायचाय, नाहीतर रॅन्समकाकांचा यंदाचा चाकू..."

ब्रदर आर्विलांनी पात्याकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, मग स्वतःचा हात पुढे केला. "हे बघ माझं नख. चाळीस वर्षं रंधा मारून नख उरलंय का? ती खाच मला धरतासुद्धा येईना. मी फक्त म्हटलं, टोमॅटो कापून बघायला हवा." ते सरबत प्याले. "उघडला सिस्टर ओपलनं."

परतीच्या साठ मैलांत होबर्ट एकदाही हसला नाही. याहून वाईट त्याला काही करता आलं नसतं.

ओपल गुरुवारीच माहेरच्या एका बारशाला मुक्कामी गेली होती. ती शुक्रवारी परत आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. व्हर्लिन टेबलाशी डबा समोर घेऊन बसला होता, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा, फक्त बसून.

"पाच दिवस," ओपल खुर्ची ओढत म्हणाली, "माझा डबा."

"हो."

"आणि त्यात मी उघडलेला चाकू."

"हो."

"दोनदा सांगायला आले मी."

"हो."

"चाकू कुणी उघडला, एवढं मला विचारायचं तुला सुचलं नाही?"

व्हर्लिननं विचार केला. खरं बोलण्याखेरीज काही उरलं नव्हतं. "तू उघडला असशील असं मनातच आलं नाही. तू मंडळात नाहीस."

"या घरातल्या घट्ट बरण्या कोण उघडतं, व्हर्लिन?"

त्यानं डब्याचं झाकण सरळ केलं. बरण्यांचा विषय त्या घरात नाजूक होता.

ओपलनं चाकू उचलला. अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवला, पण दाबला नाही. "छान कापतो मात्र. टोमॅटो असा पडला की जणू त्यालाच घाई होती. मंडळात बायका नकोत असं लिहिलंय कुठे?"

"लिहिलेलं नाही. कधी कुणी विचारलंच नाही."

"मी विचारतेय. मला एक हवा."

"चाळीसच करतात ते. एक्केचाळिसावा मिळत नाही."

"एक्केचाळिसावा कशाला? अकरा नंबर चालेल मला."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा होत होते. व्हर्लिनला मोज्यांचा खण दिसला: सव्वीस चाकू, एकाशेजारी एक, आणि मग पडलेल्या दातासारखी एक रिकामी जागा, जन्मभर. लिलावात लोक ती जागा बघून चुकचुकतील. मग त्याला रॅन्समकाका दिसले. त्यांना अशी जागा सहन करायला पुरेसा जन्म उरलेला नव्हता.

"घे," तो म्हणाला. "अकरा तुझा."

ओपलनं पातं ताटं पुसायच्या फडक्यानं पुसलं आणि मिटलं. टक्. पाच दिवसांत व्हर्लिननं ऐकलेला, ब्रदर आर्विलांच्या सुराखालोखाल, तो सर्वांत गोड आवाज.

"आत काय?" ग्लेनिसबाईंनी विचारलं.

"मिटलेला चाकू."

"मिटला कुणी?"

"ओपलनं. उघडलाही तिनंच."

"मग ठीक." शिक्का पडला तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती.

कारखान्याचं उत्तर आलं. मंजुरी पोचली, चाकू होणार. खाली हातानं लिहिलं होतं: 'नमुना वापरलेला दिसतो. धार उत्तम टिकली आहे. रंगाविषयी लिहायला आमच्या कागदावर रकाना नाही.'

नोव्हेंबरमध्ये चाळीस नळ्या घरोघरी आल्या, आणि तीन आठवड्यांनी मंडळाच्या वार्षिक सभेला एक्केचाळीस सभासद होते. सगळ्यांनी आपापले चाकू उजेडाकडे धरले, उसासे टाकले, नळीत परत घातले. ओपल उशिरा आली. तिचा चाकू तीन आठवडे रोज स्वयंपाकात होता, आणि तो नळीत नव्हता, खिशात होता. रॅन्समकाकांनी हात पुढे केला. तिनं तो मिटलेला त्यांच्या तळव्यावर ठेवला. काकांनी नखानं पातं ओढलं, आणि सगळे पुढे वाकले. पातं कबुतराच्या मानेसारखं झालं होतं: निळं, करडं, कडेला थोडं जांभळं. काकांनी ते बराच वेळ इकडून तिकडे फिरवलं. मग स्वतःच मिटलं.

"पोरी," ते म्हणाले, "अदलाबदल करतेस? कोरा आहे. एक नंबर."

एक नंबर आजवर काकांच्या हातातून सुटला नव्हता. होबर्टनं टोपी काढली.

ओपलनं त्या लखलखीत चाकूकडे सौजन्यानं पाहिलं. "नको काका. याला आत्ता कुठे कांदा कळायला लागलाय. तुमच्या त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल."

रॅन्समकाकांनी एक नंबर नळीतून काढला, नख खाचेत घातलं, आणि ओढलं. दोन माणसं उभी राहिली. एकानं डोळे मिटून घेतले.

"चला," काका पातं वर धरून म्हणाले. "सफरचंद आणा कुणीतरी."

सगळ्यांनी खिसे चाचपले. चाळीस चाकूंच्या त्या दालनात कापण्यासारखं काहीएक निघालं नाही. काका वाट बघत होते. एवढ्या जमावात चाकू नसलेला माणूस एकच होता, त्यामुळे दुकानात जायला साहजिकच व्हर्लिन उठला.